अठ्ठावीस मार्कांची गल्ली

रस्त्यांना मार्क द्यायची नोकरी असते असं सांगितलं की निम्मे लोक हसतात, आणि उरलेले निम्मे म्हणतात, "मग आमच्या रस्त्याला शून्य द्या की!" मार्कमामांनी हे बत्तीस वर्षांत इतक्यांदा ऐकलं होतं की समोरचा तोंड उघडायच्या आत तेच सांगून टाकायचे, "शून्य देता येत नाही हो. शून्य म्हणजे तिथं रस्ताच नाही."

नगरपालिकेच्या कागदावर त्यांचा हुद्दा रस्ते तपासनीस असा होता. पण हुद्द्यानं हाक कोण मारतो? शिपायापासून साहेबापर्यंत सगळे मार्कमामाच म्हणायचे. सकाळी सातला लांब दांडीचं मोजचाक घेऊन निघायचं, काखेत वही, खिशात खडू. चाक ढकलत चालायचं आणि दर पंचवीस पावलांना वाकून बघायचं. भेगेत नख जातं का, बोट जातं, की अख्खा पंजा? पाणी कुठं साचतं? जुनं ठिगळ कुठं उखडलंय? शंभरातून एकेक वजा करत जायचं आणि रस्ता संपला की उरतील ते मार्क. दिवसाला तीन-चार रस्ते. गावात रस्ते तीनशे बारा. शेवटचा संपेपर्यंत पहिला पुन्हा फुटलेला असायचा, त्यामुळे नोकरी कधी संपत नव्हती.

माणूस मार्कांच्या बाबतीत भलता कडक. नगराध्यक्षांच्या बंगल्यापुढच्या रस्त्याला त्यांनी एकदा एक्कावन्न दिले. नगराध्यक्षांनी बोलावून घेतलं. "अहो, निदान पंचावन्न तरी करा!" मामा म्हणाले, "साहेब, शाळेत मास्तरांना पण असंच विचारायचात का?" सहा महिने कचरा विभागात काढले त्यांनी त्या एका वाक्यापायी. पण परत आले ते ताठ मानेनं. कुणाला एक मार्क जास्त दिला नाही, ही त्यांची आयुष्यभराची मिरास. घरदार, लेकरंबाळं काही नव्हतं, तेव्हा मिरवायला एवढंच होतं.

घरी मोठी बहीण. अक्का. आई गेली तेव्हा मामा सात वर्षांचे होते आणि अक्का सोळाची. तिनं शाळा सोडली आणि शिवणयंत्रापुढे बसली. मोठ्या रस्त्यावर एक दुकान भाड्यानं घेतलं आणि शाळांचे गणवेश शिवले, एकतीस वर्षं. भावाला शिकवलं, नोकरीला लावलं. स्वतःचं लग्न राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, तिनं राहू दिलं. मामांचंही झालं नाही. त्याची लोक तीन कारणं सांगतात, तिन्ही खोटी आहेत.

दुकानात अक्काच्या शेजारच्या यंत्रावर तिची मैत्रीण बसायची. काजं करणं, बटणं लावणं, दुमडपट्टी घालणं ही तिची कामं, म्हणून तिला सगळे काजवाली म्हणत. दोन यंत्रं दिवसभर खडखडत असायची. त्या आवाजात बोलायचं तर घसा फाटेल. म्हणून दोघी तोंडानं नुसते शब्द करायच्या, आवाज न काढता, आणि बाकीचं भुवयांनी सांगायच्या. गिऱ्हाईक पुढ्यात उभं असायचं आणि या दोघी त्याच्याच पोटाच्या घेरावर बोलून मोकळ्या व्हायच्या. त्याला बिचाऱ्याला पत्ता लागत नसे.

पुढे काजवालीला कमी ऐकू यायला लागलं. अक्काला काही फरक पडला नाही. त्यांचं बोलणं कानांवर चाललंच कुठं होतं? दुकान कायमचं बंद झाल्यावर रोज दुपारी अक्का तिच्याकडे जायची. काजवालीचं घर गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याला लागून. अक्काचं घर गल्लीच्या शेपटाला, जिथं पुढे भिंतच आहे. मध्ये अंतर दोनशे अडुसष्ट मीटर. मामांनी चाकानं मोजलंय, त्यामुळे त्यावर वाद नको.

तीन वर्षांपूर्वी अक्का याच गल्लीत पडली. कुलूपवाल्याच्या दारापुढे पाण्याच्या नळासाठी चर खणला होता आणि वर नुसती माती लोटून मंडळी निघून गेली होती. पाय त्यात गेला, खुबा मोडला. खड्ड्यांमुळे गल्लीत रिक्षा यायची नाही. चौघांनी तिला खुर्चीत बसवून, उचलून मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं. दोन्ही बाजूंच्या दारांत माणसं उभी राहून बघत होती, आणि अक्का वेदनेपेक्षा त्या बघण्यानं अर्धी झाली. दवाखान्यातून ती चाकाच्या खुर्चीत परत आली, तीही तशीच, उचलून. घरात पाऊल टाकायच्या आधी — पाऊल कसलं, चाक — तिनं भावाला बजावलं, "मी काय कपाट आहे का? आता या दारातून जाईन ती माझ्या हातांनी चाकं फिरवत जाईन."

आणि फिरवणार कशी? खडी वर आलेली, जागोजागी चर, मध्येच वीतभर पायरी पडलेली. खुर्ची दारातून खाली उतरली की दोन हातांवरच रुतायची. काजवालीला यायचं म्हटलं तर तीही चार पायांची काठी धरून चालणारी. तिची सून हात जोडायची, "एक पडल्या तेवढं पुरे झालं, तुम्ही नका जाऊ." फोन होता की दोन्ही घरी. पण काजवालीला फोनवर ऐकू येत नव्हतं, आणि सुनेनं मोबाइलवर चेहरा दाखवून बघितला तर ती म्हणाली, "या टीचभर काचेत मला तिचे ओठच दिसत नाहीत." तेव्हा तेही बंद पडलं.

मग उरले कोण? मामा. कामावरून येताना ते आधी काजवालीकडे थांबायचे, निरोप घ्यायचे आणि घरी येऊन सांगायचे.

"म्हणाली, बरं आहे."

"बरं आहे? एवढंच?"

"गुडघा दुखतोय म्हणाली."

"अरे, कसं म्हणाली? हसत म्हणाली की तोंड वाकडं करून?"

"अक्का, मी रस्ते बघतो, तोंडं नाही बघत."

"म्हणून तर तुझं लग्न झालं नाही!"

हसायची खरी, पण मग खुर्ची खिडकीकडे वळवायची. खिडकीतून गल्ली दिसते, काजवालीचं घर दिसत नाही. मध्ये वळण आहे. तरी ती त्या वळणाकडे बघत बसायची, दिवे लागेपर्यंत. मामांना ते बघवत नसे. ते उगाच आत जाऊन भांडी घासायला घ्यायचे.

अशात नगरपालिकेनं रस्ता शुल्काचं काढलं. तिजोरीत रस्त्यांसाठी खडखडाट होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून प्रत्येक घरानं पाणीपट्टीबरोबर महिन्याला थोडे पैसे भरायचे, दुकानांनी थोडे जास्त, ज्यांच्याकडे मालमोटारी येतात त्या कारखान्यांनी आणखी जास्त. पैसे वेगळ्या खात्यात पडणार आणि रस्ते दुरुस्तीशिवाय कशालाही हात लागणार नाही. कुठला रस्ता कधी होणार, त्याची यादी लावणार.

शाळेच्या सभागृहात सभा झाली. ही बोंबाबोंब! "आम्ही कर भरतो तो जातो कुठं?" एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले, "माझ्याकडे सायकलसुद्धा नाही. मी का भरू?" व्यासपीठावरची नवीन इंजिनिअर बाई आकडे सांगत होती, पण आकड्यांना कोण विचारतो? तेव्हा मागच्या रांगेतून मामा उठले. "आजोबा, तुमच्याकडे सायकल नाही, मान्य. पण तुमच्या दारात दूधवाला येतो तो उडत येतो का? आणि रात्री-बेरात्री छातीत दुखलं तर डॉक्टरनं काय पोहत यायचं?" सभागृह हसलं. हसलेला माणूस अर्धा कबूल झालेला असतो. शुल्क मंजूर झालं.

मामा एवढे का बोलले, ते त्यांनाच ठाऊक. सभेच्या आठवडाभर आधी काजवालीच्या सुनेनं त्यांना दारातच गाठून सांगितलं होतं, "यांची नोकरी बदलतेय. पाच महिन्यांनी आम्ही सगळेच जाणार. घर विकतोय." जायचं गाव लांब होतं, दोन दिवसांच्या प्रवासाचं. काजवालीच्या वयाचं माणूस तिथून परत येत नसतं. मामांनी घरी येऊन सांगितलं, तेव्हा अक्का म्हणाली, "त्याच्या आत गल्ली होईल का रे? एकदा. माझी मी जाईन, तिच्यासमोर बसेन, पोटभर बोलेन. मग जाऊ दे कुठं जायचंय तिथं."

"होईल," मामा म्हणाले. "मी आहे ना."

दुसऱ्या दिवसापासून ते गल्लीत घरोघर फिरले. शुल्क भरायला निम्मी गल्ली तयार नव्हती. "भरा," मामा सांगायचे, "चार महिन्यांत गल्ली करून दाखवतो." कुलूपवाला म्हणाला, "लिहून देता?" मामा म्हणाले, "माझं तोंड आहे, ते पुरे." आणि खरंच पुरलं. बत्तीस वर्षांत या माणसानं कुणाचं खोटं ऐकलं नव्हतं नि बोललं नव्हतं. सगळ्या गल्लीनं भरलं.

मग यादीसाठी सगळ्या गावाचे मार्क नव्यानं घ्यायचे ठरले. मामांनी एकट्यानं अडीच महिन्यांचं काम सहा आठवड्यांत ओढलं. आपली गल्ली मात्र शेवटी ठेवली. त्या सकाळी चाक ढकलत गल्लीच्या तोंडापासून शेपटापर्यंत आले आणि वहीत बेरीज-वजाबाकी केली. सेहेचाळीस आले. चोख, खरे सेहेचाळीस.

सेहेचाळीस! एवढ्यात काय होणार? गावात पस्तिसाचे, तिसाचे रस्ते पडले होते. मामांनी आयुष्यभर एकच पद्धत बघितली होती, सगळ्यात फुटका रस्ता सगळ्यात आधी. जिथं आरडाओरडा जास्त, तिथं डांबराची गाडी पहिली. सेहेचाळीसवाल्याकडे कोण बघतो? काजवाली जाईपर्यंत नंबर लागायचा नाही. मामा दारात उभे राहिले. खिडकीतून अक्का बघत होती. त्यांनी वहीचं पान उलटलं, भेगांची रुंदी वाढवली, दोन चर खोल केले आणि खाली लिहिलं, अठ्ठावीस.

मनाची समजूत काय घालावी माणसानं! ते स्वतःशी म्हणाले, मी जन्मात कुणाला मार्क वाढवून दिले नाहीत, आणि आजही वाढवलेले नाहीत. कमी केलेत. कमी करण्यात कसला आलाय वशिला?

"किती दिलेस?" अक्कानं खिडकीतून विचारलं.

"अठ्ठावीस."

"अगं बाई, एवढी वाईट आहे आपली गल्ली?" ती म्हणाली, आणि तरी तिचा चेहरा उजळला, कारण मामांनी तिला पद्धत सांगून ठेवली होती.

आता इथं एक गोष्ट सांगायची राहिली. इंजिनिअर बाईनं मोजणी सुरू होण्याआधी सगळ्यांना सहा पानांचं परिपत्रक वाटलं होतं. मामांनी पहिलं पान वाचलं, "सर्व संबंधितांना कळविण्यात येते की" इथपर्यंत, आणि खणात टाकलं. नगरपालिकेत परिपत्रक वाचणारा माणूस दाखवा आणि बक्षीस मिळवा. चौथ्या पानावर काय होतं ते त्यांना यादी लागली तेव्हा कळलं.

यादी सूचनाफलकावर लागली तेव्हा मामा वरून वाचायला लागले. पहिला रस्ता एक्केचाळीस मार्कांचा. दुसरा बेचाळीस. पुढे चव्वेचाळीस, पंचेचाळीस. अठ्ठावीस कुठंच नाही. ते पाठीमागच्या पानावर सापडलं, वेगळ्या मथळ्याखाली, "पूर्ण नूतनीकरण, निधी जमल्यानंतर". मामा तसेच बाईंच्या खोलीत गेले.

"मॅडम, यादी उलटी लागलीय."

"नाही मामा, सुलटीच आहे." बाई समजावून सांगायला बसली. तिला मामांबद्दल फार आदर होता. "दात किडायला लागला तेव्हाच भरला तर थोडक्यात भागतं. मुळापर्यंत गेला की काढून नवा बसवायचा, त्याला दहापट पैसे. रस्त्याचंही तेच. चाळीसच्या वरचे रस्ते अजून वाचवता येतात, तर आधी ते वाचवायचे. त्यातही जे घसरायला आलेत, ते सगळ्यात आधी. चाळीसच्या खालचे गेलेलेच आहेत, ते उकरूनच काढावे लागणार. त्यांना सात-आठ वर्षं तरी लागतील. परिपत्रकात होतं ना."

"होतं," मामा म्हणाले. "आणि सेहेचाळीसचा असता तर?"

"सेहेचाळीस? पहिल्या दहात. महिन्याभरात झाला असता. का हो?"

"काही नाही," मामा म्हणाले आणि बाहेर येऊन जिन्यावर बसले. काजवालीला जायला अडीच महिने उरले होते.

यादीवर हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत होती. त्यातले अकरा दिवस मामांनी कसे काढले ते विचारू नका. निवृत्तीला आठ महिने होते. इतक्या वर्षांचं नाव होतं. घरी अक्का विचारायची, "कधी येणार गाडी?" ते म्हणायचे, "येईल." गल्लीत कुलूपवाला विचारायचा, ते ऐकलं न ऐकलं करून पुढे सटकायचे. काजवाली तर काही विचारायचीच नाही, नुसती त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची. तिला चेहरे वाचता यायचे, ही भलतीच पंचाईत होती. बाराव्या दिवशी ती म्हणाली, "काहीतरी केलंस तू." मामा निरोप न घेताच निघाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडायच्या आधी बाईंच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

त्यांना वाटलं होतं, शिव्या बसतील, शिक्षा होईल, पण एक आकडा खोडून दुसरा लिहायला कितीसा वेळ लागतो? गल्ली तर होईल. त्यांनी वही पुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. अक्काचं, काजवालीचं, पान उलटल्याचं. बाई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"असे आणखी किती रस्ते आहेत, मामा?"

"एकच. आईची शपथ."

"माझा विश्वास आहे. पण लोकांनी पैसे माझ्या विश्वासावर नाही भरलेत, यादीवर भरलेत. तपासनिसानं स्वतःच्या गल्लीचे मार्क बदलले, हे कळल्यावर बाकीच्या तीनशे अकरांचं काय सांगू मी त्यांना? गुपचूप खोडून दुरुस्त केलं तर तीही चोरीच. यादी मागे घ्यावी लागेल. दुसऱ्या माणसाकडून सगळं परत मोजून घ्यावं लागेल. तीन महिने."

"तीन महिने?" मामा म्हणाले. "मॅडम, ती दोन महिन्यांनी जातेय हो."

बाईनं वही मिटली. "खरे मार्क दिले असते तर..." ती म्हणाली आणि वही खणात ठेवली.

मामांचं मोजचाक त्याच दिवशी काढून घेतलं. उरलेले आठ महिने त्यांना तक्रार खिडकीवर बसवलं. रोज सकाळी माणसं येऊन विचारायची, यादी का काढली, आमचा रस्ता का थांबला? मामा खाली मान घालून लिहून घ्यायचे. गल्लीला त्यांनी स्वतःच, दारोदार जाऊन सांगितलं. कुलूपवाला आधी हसला. "जन्मभर गावाला नापास करत आलात, शेवटी आपलीच गल्ली नापास केलीत की हो!" मग त्यानं मामांचा चेहरा बघितला आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आला.

अक्काला सांगताना मामा तिच्याकडे बघू शकले नाहीत. "तुझ्यासाठी केलं गं," ते म्हणाले.

"माझ्यावर ढकलू नकोस!" अक्का कडाडली. "मला विचारलं होतंस? एकतीस वर्षं मी मापं घेतली. छाती बत्तीस तर बत्तीस, पोरगं वाढेल तसं वाढवू. माप चुकवलं की अख्खं कापड वाया जातं, हे तुला माझ्या घरात राहून कळलं नाही?" नंतर दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताट वाढताना म्हणाली, "जेव. वाळलायस." पण गाडी कधी येणार, ते तिनं पुन्हा विचारलं नाही.

काजवाली जायच्या आदल्या दिवशी अक्का सकाळीच तयार होऊन बसली. "बोलाव चौघांना," ती म्हणाली.

"अक्का, तू म्हणाली होतीस—"

"मी काय म्हणाले ते मला माहितेय. बोलाव."

कुलूपवाला आला, दूधवाला आला, इस्त्रीवाला आला, चौथे मामा. मामांनी पुढची डावी बाजू धरली. त्यांना गल्लीचा खड्डा न् खड्डा पाठ होता. "डावीकडे चर आहे. आता पायरी. हळू." दारांत कुणी उभं राहिलं नाही. कुलूपवाल्याच्या बायकोनं आधीच सगळ्यांना दटावून आत घातलं होतं. अक्का डोळे मिटून बसली होती, हात मांडीवर घट्ट धरून.

काजवाली दारात काठी धरून उभी होती. खुर्ची तिच्यासमोर टेकवली, ती स्टुलावर बसली, गुडघ्याला गुडघा लागला. आणि दोघींचं सुरू झालं. आवाज नाही, काही नाही. नुसते ओठ, भुवया, मध्येच एखादं बोट. तासभर. पुरुष मंडळी पायरीवर बसून राहिली, कुणी खोकलंसुद्धा नाही. मामांनी पुष्कळ बघितलं, एक अक्षर कळलं नाही. एकदा अक्कानं त्यांच्याकडे मान केली, काहीतरी म्हणाली, आणि काजवाली मोठ्यांदा हसली. ते काय होतं ते कळायला मामांनी अख्खं निवृत्तिवेतन दिलं असतं. शेवटी काजवालीनं अक्काचे दोन्ही हात उलटे करून बोटांची टोकं चाचपली, एकेक करून दहाही. मग सुनेनं हळूच खांद्याला हात लावला, औषधाची वेळ झाली म्हणून.

घरी आल्यावर मामांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"सांगता येणार नाही तुला," अक्का म्हणाली. रागानं नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी मोठ्या रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजलेला दोघांनी ऐकला.

फेरमोजणी संपली. गल्लीला दुसऱ्या माणसानं सत्तेचाळीस दिले. बाकीच्या तीनशे अकरा रस्त्यांत मामांचा एक मार्कही इकडेतिकडे झाला नव्हता. बाईनं ते सभेत वाचून दाखवलं, पण ऐकायला मामा गेले नाहीत. महिन्याभरानं गाडी आली. चर भरले, पायरी काढली, डांबराचा थर पडला, वरून रोलर फिरला. दोन दिवस थर निवू दिला आणि तिसऱ्या दिवशी दुपारी अक्का म्हणाली, "दार उघड."

चाकं तिनं स्वतः फिरवली. मामा मागून चालत होते, हात पाठीशी बांधून, कारण खुर्चीला हात लावायची सक्त मनाई होती. सगळी गल्ली काहीतरी काम काढून दारात आली होती आणि आपण बघतच नाही असं दाखवत होती. इस्त्रीवाला म्हणाला, "अक्का, जपून, गाड्यांशी शर्यत लावाल!" "तुझी इस्त्री बघ, जळेल," अक्का म्हणाली. वळणाशी ती दम खायला थांबली. पुन्हा निघाली. आणखी दोनदा थांबली. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण ढकलू का, असं मामांनी विचारलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी ती त्या दारासमोर येऊन उभी राहिली. दार उघडंच होतं. आतून एक तरुण बाई ओले हात पुसत बाहेर आली. घर विकत घेतलेली.

"कोण पाहिजे, आजी?"

अक्कानं तिच्या मागून आत बघितलं. मग म्हणाली, "कुणी नाही. रस्ता नवीन झालाय ना, तो बघायला आले."

"छान झालाय, नाही?"

"हो. छान झालाय."

ती बाई आत गेली. अक्कानं खुर्ची वळवली आणि हात मांडीवर ठेवून दिले. "ढकल आता," ती म्हणाली. मामांनी मागच्या मुठी धरल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं धरू दिल्या. खुर्ची कुठंही न अडकता चालली होती, चाकांचा आवाजसुद्धा येत नव्हता. वळणाच्या अलीकडे ती म्हणाली, "मला ती हवी होती रे."

मामा ढकलत राहिले.